जसोद्राभौजीचा हात

आमच्या गावात दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी एका मोडक्या हाताची पूजा व्हायची. तसं कुणी म्हणत नसे. म्हणताना 'हनुमानजीची झंडी' म्हणत. सीमेच्या खंदकाकाठी नवा बांबू रोवायचा, लाल झंडी चढवायची, आणि पंडितजींचं आटपलं की कॅप्टन गजराज आपल्या बायकोला पुढं आणायचे. जसोद्राभौजी (वहिनीला आम्ही भौजी म्हणतो) डोक्यावर ओढणी घेऊन उभी राहायची. कॅप्टन तिचा डावा हात कोपराला धरून वर उचलायचे. मनगटाच्या वर चार बोटं तो हात असा वळलेला होता, की तळवा कायम मागच्या माणसाकडे काहीतरी मागतोय असं वाटावं.

"बघा," कॅप्टन खंदकापलीकडच्या गावाकडे मान करून म्हणायचे, "फ्रीमन्स जॉयवाल्यांनी काय केलं ते बघा!"

सगळे बघायचे. शेहेचाळीस वर्षं तोच हात आणि तेच बघणारे. मग कमळाच्या पानावर सात भाज्यांचं जेवण. ते भौजीनं आदल्या दिवसापासून त्याच हातानं रांधलेलं असायचं. त्याबद्दल भाषणात कधी काही आलं नाही.

मी या गावचा कोकरवाला होतो. आमची जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. खंदकाच्या तोंडाशी मोठं लाकडी दार असतं, ते कोकर. भरतीला पाडायचं, ओहोटीला उचलायचं. चाळीस वर्षं मी एवढंच केलं, आणि लिहिण्याचं काम कधी पडलं नाही. पण भौजीबद्दल जे लिहायला हवं ते शाळेचे पर्सोद मास्तर लिहिणार नाहीत, आणि बाकीच्यांना आता काही आठवत नाही असं ते सांगतात. तेव्हा चुकतमाकत मीच लिहितो.

जसोद्रा सतराव्या वर्षी लग्न होऊन नदीच्या वरच्या अंगाकडून आमच्या गावाला, कम्फर्ट साइडला, आली. येताना सायकल घेऊन आली. आमच्याकडे सुनेनं सायकल चालवलेली कुणी पाहिली नव्हती. ती सकाळी बाजारात चवळीच्या शेंगा घेऊन जायची, आणि वाटेत माझ्या कोकरपाशी घंटी वाजवून ओरडायची, "हरी, दार उघड, समुद्र आत यायचाय!" ही तिची रोजची थट्टा. महिनाभरात गजराजनं सायकल विकली आणि त्या पैशांत नवी क्रिकेटची बॅट आणली. तो गावच्या संघाचा कॅप्टन होता. त्याची सर्वांत मोठी खेळी एकतीस धावांची, त्यातही दोन झेल सुटलेले. पण कॅप्टन हे नाव चिकटलं ते आजतागायत.

चौसष्ट साली उसाच्या मळ्यात संप झाला आणि किनाऱ्यावर आगी लागल्या. इकडे आपले लोक, मळ्यावर मजुरीला बोटीतून आणलेल्यांची नातवंडं; खंदकापलीकडे फ्रीमन्स जॉयमध्ये काळे लोक, त्याच मळ्यावरच्या गुलामांची. 'काळे' म्हणायची आमची रीत. आमच्यातले निम्मे त्यांच्याहून काळे आहेत, हे वेगळं. मधे वीस फूट पाणी, आणि पाण्यावर ग्रीनहार्ट लाकडाची एक फळी. ही फळी मळ्याच्या कोकरची, म्हणून माझ्या ताब्यात. तिचे हूक आमच्या काठावरच्या सिमेंटमध्ये. दोरानं ओढायची ती आमच्याच काठावरून. पलीकडून तिला बोटसुद्धा लावता येत नसे. कॅप्टननं गावरक्षक दल काढलं, चौदा जणांचं, आणि हुकूम केला की फळी सकाळी सहा ते नऊ पडेल, नंतर ओढून घ्यायची. शिवाय त्यांच्याकडे कुणी काही विकायचं नाही, त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही.

अडचण एकच झाली. फळीच्या पलीकडच्या टोकाला पहिलंच घर बॅरो शिंप्याचं. कॅप्टननं आपल्या सामन्याच्या पांढऱ्या पँटचं कापड हुकुमाच्या आधीच त्याच्याकडे टाकलं होतं. रविवारी सामना. दोन दिवस तो घरात आदळआपट करत होता, की सगळे पांढऱ्या पँटमध्ये आणि कॅप्टन काय खाकीत उतरणार? स्वतः जायची तर सोय नव्हती.

शुक्रवारी सकाळी सातला भौजी फळीवरून पलीकडे गेली आणि अर्ध्या तासानं तपकिरी कागदाचं पुडकं घेऊन परत आली. माझ्याजवळ थांबली. "कुणाला बोलू नकोस हरी. एवढी पँट मिळाली की घर शांत होईल."

नऊला मी फळी ओढून घेतली.

चारच्या सुमाराला कॅप्टन सराव करून आला. खाटेवर पँट दिसली. आपल्याच हुकुमाला आपल्याच बायकोनं लाथ मारली, दलातल्या पोरांना कळलं तर नाक कापलं जाईल, असं तो ओरडत होता. ते रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. मग बॅट. भौजीनं डावा हात मधे घातला.

बाहेर माणसं जमली. कॅप्टन तिला धरून खाली उतरला आणि कुणी विचारायच्या आत म्हणाला, "त्यांनी केलं. आले, हात मोडला, पळाले!" चौदा जणांना तेवढं पुरलं. पाचला ते घासलेटचे डबे घेऊन माझ्याकडे आले. "फळी टाक, हरी." मी फळी टाकली. मला माहीत होतं, सकाळी नऊनंतर त्या पाण्यावरून चिमणीसुद्धा चालत आलेली नाही. तरी टाकली. मी बावीस वर्षांचा होतो आणि मला पंधरावा व्हायचं होतं.

त्यांनी बॅरोचं घर जाळलं. त्याचंच का, तर पहिलं होतं म्हणून. घरची माणसं प्रार्थनेला गेली होती म्हणून वाचली. शिवणयंत्र जळलं. बॅरो पुढं बहिणीच्या पडवीत राहिला आणि त्यानं पुन्हा कुणाचं माप घेतलं नाही. कॅप्टन मात्र रविवारी सामना खेळला. त्याच पँटमध्ये. पुढं सहा वर्षं तो ती घालत होता.

त्या संध्याकाळी पर्सोद मास्तर भौजीजवळ बसले. तेव्हा ते नवेच मास्तर झाले होते, कोटाच्या खिशाला दोन पेनं. म्हणाले, "भौजी, आता घर जळलंय. तू वेगळं काही बोललीस तर आपली चौदा पोरं तुरुंगात जातील. तू आधी कुणाची? नवऱ्याची की आपल्या लोकांची?" हा प्रश्न त्यांना फार खोल वाटला असावा. दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच होता. भौजी गप्प बसली. औषधवाल्यानं हात वाकडा बसवला. नंतर दलानं शपथ घेतली, की कम्फर्ट साइडचा पुरुष फ्रीमन्स जॉयच्या मातीवर पाय ठेवणार नाही. ती आजवर पाळली जाते. आमची माणसं मिनीबसमधून त्या गावातून रोज जातात, पण उतरत नाहीत. एकदा बस तिथं बंद पडली, तर आमचे तिघेजण दोन तास आत घामाघूम होऊन बसून राहिले. त्याचंही गावात कौतुक झालं.

मार थांबला नाही. थांबायचं काही कारण नव्हतं. आता तर ती गावाची निशाणी झाली होती, जाणार कुठं? सदुसष्ट साली ती एकदा माहेरी निघाली, तेव्हा मास्तर बसथांब्यापर्यंत धावत गेले. "झंडी चार दिवसांवर आली आहे आणि तू चाललीस?" ती परत आली. मला वाटतं, तिनं घंटीची थट्टा त्याच सुमाराला सोडली. कोकरपाशी यायची, ओहोटी कधी आहे विचारायची, आणि जायची.

असं सगळं शेहेचाळीस वर्षं सुरळीत चाललं असताना गावात सिनेमा आला.

नादिया फोर्ड नावाची तिशीतली बाई शहरातून आली. तिला चौसष्ट सालच्या दोन गावांचा सिनेमा काढायचा होता, माणसं एकमेकांचा द्वेष करायला कशी शिकतात त्यावर. तिची आई आपल्यातली, बाप त्यांच्यातला. त्यामुळे मंदिराच्या कमिटीत तिला खुर्ची कोणत्या बाजूला मांडायची इथपासून खल झाला. मास्तर आता कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी कथेचे कागद मागून घेतले आणि परवानगी देताना सांगितलं, "जाळपोळ दोन्हीकडून झाली, मग एकच कशाला दाखवायची? घर गाळा. हात मात्र सविस्तर दाखवा."

कॅप्टनना तर पुन्हा मिसरूड फुटल्यासारखं झालं. एकाहत्तर वर्षांचं वय, गुडघे गेलेले, पण रोज सकाळी दाढी. नादियाला गावातलेच चेहरे हवे होते. कॅप्टननी आपला नातू रिकी तरुण कॅप्टन म्हणून पुढं केला, आणि रिकीची बायको रोशिनी तरुण जसोद्रा म्हणून. "घरचंच रक्त," ते म्हणाले. "पोराला शिकवावं लागणार नाही."

हे त्यांचं वाक्य खरं होतं.

रोशिनी एसेक्विबो नदीकडची, पंचवीसएक वर्षांची, चार वर्षांची मुलगी पदरात. भर उन्हात मनगटापर्यंत बाह्या घालून हिंडायची. त्याच आठवड्यात तिनं कमिटीकडे धाव घेतली होती, की मला मुलीला घेऊन माहेरी जाऊ द्या. आमच्याकडे सासरचं गाव हो म्हणाल्याशिवाय माहेरचं दार उघडत नाही. तिच्या बापानं निरोप धाडला होता: 'तुमच्या कमिटीनं पाठवली तर घेईन, पळून आली तर नाही.' तेव्हा तिचं आणि त्या पोरीचं जे काही व्हायचं ते मास्तरांच्या जिभेवर होतं.

गुरुवारी कॅप्टनच्या घराखाली, झोपाळ्यापाशी, बैठक बसली. मलाही खुर्ची दिली होती. का ते माहीत नाही, बहुधा संख्या भरायला.

"बेटी," मास्तर म्हणाले, "घरोघरी भांड्याला भांडं लागतंच."

"भांडं नव्हतं, मास्तर. बेल्ट होता," रोशिनी म्हणाली.

"जीभ बघा," रिकी म्हणाला.

"तू गप्प रे. बेटी, जरा आजीकडे बघ. तिचा हात शत्रूनं मोडला. ती हलली का जागची? आणि तू नवऱ्याच्या चार थपडांत गाव सोडून निघालीस? बाहेर शहरातली माणसं आलीत, सिनेमा चाललाय, आणि आपणच आपली लाज उघड्यावर टाकायची? फ्रीमन्स जॉयवाले हसतील."

जसोद्राभौजी चहा देत होती. मास्तरांच्या पुढं कप ठेवताना तिनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मास्तरांनी तेवढ्यात तीन चमचे साखर घातली.

"शनिवारी शूटिंग झालं की संध्याकाळी निकाल देऊ," ते म्हणाले. निकाल काय ते त्यांच्या आवाजावरून झोपाळ्यालाही कळलं असतं.

शनिवारी सकाळी खंदकाकाठी तंबू लागले. सिनेमावाल्यांनी जुनी फळी माझ्या शेडमधून काढून घेतली होती, हूकही पुन्हा बसवले होते, आणि ती टाकायला-ओढायला मला ठेवलं होतं. मी दोर आणायला कपड्यांच्या तंबूत गेलो तर तिथं इनेझ बॅरो शिवत बसलेली. बॅरो शिंप्याची मुलगी, आता साठीला टेकलेली. जुन्या पद्धतीचे कपडे शिवायचं काम तिच्याकडे होतं. समोर रोशिनी उभी, कोपऱ्यात भौजी खुर्चीवर.

"बाई, चौसष्टात एवढ्या उन्हात कुणी इतकी लांब बाही घातली नव्हती," इनेझ म्हणत होती. "कोपराच्या वर असायची."

"मला लांबच पाहिजे."

"मग सिनेमात म्हणतील, शिंपीण आंधळी होती. आण इकडे."

तिनं बाही वर सारली आणि थांबली. दंडापासून खाली पट्टे उठलेले, काही जुने पिवळे, काही ताजे.

"हे रंगवाल्या पोरानं काढलंय?"

"तो दहा वाजता येणारे," रोशिनी म्हणाली.

"मग कोण? तो बाहेर केस विंचरतोय तो हिरो?"

रोशिनी हसली, पण आवाज आला नाही. इनेझनं बाही खाली ओढली आणि सुई घेऊन पुन्हा लांबच शिवायला लागली.

"तुझ्या वडिलांचे टाके असेच बारीक होते," भौजी कोपऱ्यातून म्हणाली.

इनेझनं मान वर केली नाही. "तुम्ही त्या दिवशी सकाळी आमच्याकडे आला होतात. पँट न्यायला. मी तेरा वर्षांची होते. तुम्ही मला आंबा दिलात आणि पुडकं डाव्या हातात घेऊन गेलात. हात चांगला होता." दोरा दातानं तोडून ती म्हणाली, "पुष्कळ वर्षं मला वाटायचं, आपल्या दारातून फळीपर्यंत जाताना असं काय झालं असेल."

भौजीनं डावा हात ओढणीखाली घेतला. मी दोर घेतला आणि बाहेर आलो. खरं सांगायचं तर पळालो.

अकराला सगळं तयार झालं. आमच्या काठावर अर्धा गाव, पुढच्या ओळीत कॅप्टन हार घालून. हार कुणी घातला ते कळलं नाही, बहुतेक त्यांनीच. त्यांच्या बाजूला मास्तर आणि दुकानवाला झमन. रिकी हातात बॅट घेऊन उभा, कारण प्रसंगात तो धावत येऊन हल्लेखोरांना पळवून लावणार होता. पलीकडच्या काठावर फ्रीमन्स जॉयची सहा पोरं, फाटके शर्ट घालून, हल्लेखोर.

नादियानं हात खाली केला. पोरं ओरडत काठापर्यंत धावत आली आणि थांबली. समोर वीस फूट पाणी.

"मिस," त्यातला एक ओरडला, "जायचं कसं?"

आमच्याकडचे हसले. नादिया माझ्याकडे वळली. "मिस्टर हरी, फळी टाकायला विसरलात?"

"टाकतो," मी म्हणालो. "पण त्या वेळी ती टाकलेली नव्हती. नऊला ओढून घ्यायचो."

मला एवढंच म्हणायचं होतं की काम बरोबर व्हावं. चाळीस वर्षं भरती-ओहोटीच्या वेळा पाळणाऱ्या माणसाला वेळ चुकलेली सहन होत नाही.

"मग त्यांनी तिकडून टाकली असेल?"

"तिकडून येत नाही. हूक आमच्याकडे आहेत."

नादियानं हातातले कागद पुढं-मागं केले. तिच्या मनात काही नव्हतं, ती फक्त गोंधळली होती. "मग ते आले कसे?"

शेहेचाळीस वर्षांत हा प्रश्न आमच्या गावात कुणी विचारला नव्हता. त्यामुळे उत्तर ठरलेलं नव्हतं.

"उडी मारून," कॅप्टन म्हणाले.

"पोहून," त्याच क्षणी मास्तर म्हणाले.

"होडी होती ना," रिकी म्हणाला. त्याचा बापसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता.

पलीकडून हशा. "सर, मी शाळेचा चॅम्पियन आहे, लांब उडीचा! अठरा फुटांच्या वर नाही जात! तुमच्या वेळचे काळे काय खात होते?"

"पोहून आले तर ओले असतील," नादिया कागदावर लिहायला लागली. "म्हणजे कपडे भिजवावे लागतील. कॅप्टन, ते ओले होते?"

कॅप्टन मास्तरांकडे बघायला लागले.

"कुणी तरी फळी टाकली असेल त्यांना," मागून आवाज आला, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "त्या दिवशी नऊनंतर मी फळी एकदाच टाकली. संध्याकाळी पाचला. इकडून तिकडे जायला." ते इतकं हळू निघालं, की नादियाला ऐकू गेलं नाही. ती म्हणाली, पुन्हा सांगा. मला पुन्हा सांगता येईना.

"तो म्हणतोय फळी पाचला पडली." जसोद्राभौजी खुर्चीवरून उठली होती. "माझा हात चारला मोडला."

ती चालत रिकीपाशी गेली आणि त्याच्या हातातली बॅट काढून घेतली. "नादियाबाई, सीन चुकलाय. त्या सहा पोरांना चहा द्या आणि घरी पाठवा. या सीनमध्ये दोनच माणसं लागतात. मी, आणि हा हारवाला."

"जसो!" कॅप्टन ओरडले. "घरात हो!"

"घरातच मोडलास ना रे."

"भौजी, भौजी," मास्तर पुढं झाले, आवाज खाली, दात हसरे, "त्यांची माणसं बघतायत."

"बघू देत. तुम्ही दरवर्षी हात बघता. आज बॅट बघा." तिनं एकाच हातानं बॅट वर धरली. ती डगमगत होती, पण तिनं खाली केली नाही. "त्यांच्याकडून याची पँट आणली म्हणून मारलं मला. आणि पँट घालून हा सामना खेळला."

"खोटं! कसली पँट?"

"पांढरी," तंबूच्या दारातून इनेझ म्हणाली. "मागच्या खिशाला बटण नव्हतं. बाबांकडची बटणं संपली होती."

तेवढ्यात झमन दुकानवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे, ती बिनबटणाची!" आणि म्हाताऱ्यांच्या ओळीतून एक हसू फुटलं. सगळ्यांना ती पँट आठवत होती. सहा वर्षं झेल घ्यायला वाकले की कॅप्टनचा तो खिसा उघडा पडायचा. चौदापैकी जिवंत असलेले पाच जण तिथं बसले होते, आणि ते हसत होते. त्या पँटपायी आपण काय जाळलं हे हसता हसता त्यांच्या लक्षात येत गेलं, तसे एकेक करून थांबले. झमन सगळ्यात शेवटी थांबला. तो तसा मंदच.

भौजीनं बॅट रिकीला परत दिली. "धर. तुला शिकवावं लागणार नाही." मग रोशिनीकडे बघून म्हणाली, "तुझं तू ठरव."

रोशिनीनं दोन्ही बाह्या कोपराच्या वर सरकवल्या. इनेझचे नवे टाके उसवले त्याचा आवाज झाला.

"आता म्हणा मास्तर," भौजी म्हणाली. "पुन्हा एकदा म्हणा, आजीकडे बघ."

मास्तरांच्या खिशाला अजूनही दोन पेनं असतात. त्यांनी एका पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "हे... हे कमिटीपुढं... संध्याकाळी..."

"कमिटी झाली. हिच्या बापाला मी सांगेन. मी चाललेय बरोबर."

"तिकडून दोनला बस आहे," इनेझ म्हणाली. मग भौजीच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "आमचं घर जळलं, त्याबद्दल तुम्ही कधी तोंड उघडलं नाहीत."

"नाही उघडलं."

"माझे वडील मरेपर्यंत विचारत होते, मी त्यांचं काय केलं होतं म्हणून. मी माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत. दोनपर्यंत बसू दे फक्त."

इनेझनं थोडा विचार केला आणि माझ्याकडे हात केला. "टाका फळी."

मी फळी टाकली. आधी इनेझ गेली, मग मुलीला कडेवर घेऊन रोशिनी, आणि मग भौजी. मधोमध ती जरा थांबली, तोल जातोय की काय असं वाटलं; पण चपला काढून हातात घेत होती. फळी ओली होती. आमच्या काठावर सगळे उभे होते आणि कुणाला काही सुचत नव्हतं. इतकी वर्षं त्यांची तयारी त्या बाजूनं कुणीतरी येईल याचीच होती.

रिकीला आधी सुचलं. बॅट टाकून तो धावला आणि त्याचा एक पाय फळीवर पडला.

"थांब!" कॅप्टन खुर्चीतून ओरडले. "खबरदार! आपल्यातला कुणी त्या मातीवर पाय ठेवत नाही! शपथ आहे!"

बायको चालली होती, नातसून चालली होती, पणती चालली होती, आणि म्हाताऱ्याला शपथ आठवली. सवयच ती. रिकी एका पायावर उभा राहून मागे बघायला लागला. आजाचं ऐकावं की पुढं जावं हे ठरवायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी दोर ओढला. फळी सरकली तसा त्याला पाय काढून घ्यावा लागला. मी पूर्ण ओढून घेतली. हे चौसष्ट साली केलं असतं तर त्याला जास्त अर्थ होता.

रोशिनीच्या बापानं दार उघडलं. भौजीनं त्याला काय सांगितलं माहीत नाही. नुसतं 'आत हो' म्हणाली असेल. ती आता तिथंच राहते आणि शेंगा लावते. बुधवारी फोन करते, ओहोटी कधी आहे विचारते. मला आता कोकरचं काही माहीत नसतं, तरी सांगतो.

झंडी या जुलैलाही लागली. भाषणाच्या वेळी कॅप्टननी सवयीनं शेजारी हात नेला. तिथं कुणी नव्हतं. त्यांनी तो हात तसाच वर नेऊन नमस्कार केला. सात भाज्या विकत आणल्या होत्या, मिठाचा पत्ता नव्हता.

सिनेमा पुरा झाला. त्यात आता हात कोण मोडतो ते दाखवलं आहे, आणि घरही दाखवलं आहे. शहरात लागायच्या आधीच मास्तरांनी निषेधाचा अर्ज तयार केला, की या सिनेमात आपल्या समाजाची बदनामी आहे. सह्या भराभर झाल्या. एकानंही सिनेमा पाहिलेला नव्हता. माझ्याकडे ते शेवटी आले. मी चहा केला. त्यांनी तीन चमचे साखर घातली, अर्ज पुढं सरकवला आणि पेन उघडून माझ्या हातात दिलं.

"सही कर, हरी. तू आपला आहेस की त्यांचा?"

मी पेन घेतलं. कागद वाचला. शेवटच्या ओळीत होतं, 'शत्रूनं आमच्या माताभगिनींवर हात टाकला हे ऐतिहासिक सत्य आहे.'

"मास्तर," मी म्हणालो, "ते आले कसे?"

त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं, आणि अर्जाची घडी केली. चहा मात्र पूर्ण प्यायले. दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पोहून. पोहूनच आले असणार."